लेझर कापतो तसा मोजतोही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत लेझरवर पानभर लेख आला होता. पत्रा कापणारा लेझर, वेल्डिंग करणारा लेझर, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यात धरलेला पडदा साफ करणारा लेझर, अंगठीच्या आत नाव कोरणारा लेझर. लेख चांगला होता, मी कात्रण काढून ठेवलं आहे. पण माझ्या आयुष्यात लेझरने जे काम केलं ते त्यात कुठेच नव्हतं. लेझर उष्णता मोजायला मदत करतो. एखाद्या धातूतून ऊब किती वेगाने आरपार जाते हे तो एका क्षणात सांगतो. आमच्या कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना ही गोष्ट माहीत असायला हवी असं मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र. लांबलं तर कृपया समजून घ्या.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत २६ वर्षं क्वालिटीचं काम केलं. गेल्या वर्षी निवृत्त झालो. आमचा माल म्हणजे ब्रेक डिस्क, ब्रेक ड्रम, फ्लायव्हील. सगळं बीड, म्हणजे ग्रे आयर्न. माझ्या टेबलावर कडकपणा मोजणारं ब्रिनेलचं मशीन, शेजारच्या खोलीत धातूत काय किती आहे ते सांगणारा स्पेक्ट्रो आणि मायक्रोस्कोप. एवढ्यावर माल पास किंवा नापास करायचो आणि आपण सगळं तपासतो अशी माझी खात्री होती.

मग एका मे महिन्यात डिस्कचे दोन पॅलेट परत आले. पॅड जिथे घासतो त्या पट्ट्यावर केसासारख्या बारीक भेगा, आतल्या कडेकडून बाहेर निघालेल्या, आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या. असल्या भेगा ओळखायला भिंग लागत नाही. उष्णतेच्या भेगा होत्या. मी त्या हीटचं, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या रसाचं, रजिस्टर काढलं. कडकपणा ड्रॉइंगप्रमाणे. ताणाची चाचणी पास. स्पेक्ट्रोचा रिपोर्ट मर्यादेत. सीई, म्हणजे कार्बन आणि सिलिकॉन मिळून काढतात तो आकडा, ४.१, रोजच्यासारखा. मी सगळे कागद घेऊन ग्राहकाकडे गेलो. तिथल्या इंजिनियर बाईंनी ते नीट वाचले आणि विचारलं, "काका, हे सगळं बरोबर आहे. पण ह्या बिडातून उष्णता किती लवकर पळते, ते कुणी मोजलंय का?"

मी गप्प बसलो. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

आपल्या वाचकांपैकी जे आंबा घाटाने किंवा गगनबावड्याहून कोकणात उतरले असतील त्यांना ब्रेकचा तो करपट वास ठाऊक असेल. दीड हजार किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली की जवळजवळ ५८० किलोज्यूल उष्णता तयार होते. पावणेदोन लिटर गार पाण्याला उकळी फुटावी एवढी. ती सगळी चार चाकांच्या ब्रेकमध्ये काही सेकंदांत ओतली जाते, आणि घाटात तर हे पुन्हापुन्हा होतं. पट्ट्याच्या वरच्या थरात पडलेली उष्णता पटकन आत आणि मागे गेली, तर डिस्क सगळीकडून सारखी तापते. ती वरच्याच थरात अडकली, तर वरचं फुगायला बघतं, आतलं गार बीड त्याला फुगू देत नाही, आणि शेवटी भेग पडते.

उष्णता आत पळण्याच्या ह्या वेगाला पुस्तकात औष्णिक विसरणक्षमता म्हणतात. आम्ही पुढे शॉपवर सरळ डिफ्युझिव्हिटी म्हणू लागलो. उष्णतेची वाहकता शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. डिफ्युझिव्हिटी तिची सख्खी बहीण: वाहकतेला घनता आणि विशिष्ट उष्मा यांच्या गुणाकाराने भागलं की ती मिळते. चहात तांब्याचा चमचा ठेवला तर क्षणात बोटाला चटका बसतो आणि स्टेनलेसचा बराच वेळ धरवतो, त्यामागे हाच आकडा आहे. तांब्याचा तो सुमारे ११७ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद, स्टेनलेसचा ४ च्या आसपास.

मी बी.एस्सी.ला असताना वाहकता मोजण्याचं प्रॅक्टिकल केलं होतं. सर्लच्या उपकरणात तांब्याचा जाड दांडा, एका टोकाला वाफ, दुसऱ्या टोकाला पाण्याची नळी, आणि चार थर्मामीटर. आकडे स्थिर होईपर्यंत तासभर वाट बघायची, आणि कुणी खिडकी उघडली की पुन्हा पहिल्यापासून. अशा पद्धतीला मोठा दांडा लागतो आणि बाजूने निसटणारी उष्णता कायम त्रास देते. आमच्या डिस्कमधून असा दांडा निघणारच नव्हता.

बाई म्हणाल्या, लेझर फ्लॅश करून घ्या. एक चकती पाठवा, अर्धा इंच व्यासाची, तीन मिलिमीटर जाडीची.

पहिली चकती मी टर्नरकडून करून कुरियरने प्रयोगशाळेत पाठवली. आठ दिवसांनी परत आली. दोन्ही तोंडं समांतर नाहीत, एका कडेला ३.०२, दुसऱ्या कडेला २.९१. दुसरी पाठवली, तिच्यात बारीक छिद्र निघालं. मला त्या प्रयोगशाळेचा राग आला होता, हे कबूल करतो. इकडे ग्राहकाचे रोज फोन, आणि हे लोक शंभरावा भाग बघत बसलेत. तिसरी चकती मी स्वतः केली. वेगळ्या ओतलेल्या टेस्ट बारमधून न घेता खुद्द परत आलेल्या डिस्कच्या घासणाऱ्या पट्ट्यातून कापली, कारण बार वेगळ्या वेगाने गार होतो आणि त्यातलं ग्रॅफाइट वेगळं पडतं. सरफेस ग्राइंडरवर दोन्ही बाजू घेतल्या, मग काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवून बोटाने गोल गोल घासत बसलो. मायक्रोमीटरने पाच ठिकाणी मोजली, पाचही ठिकाणी ३.००. वजन जेमतेम पाव तोळा. दुसरी तशीच एक चकती आमच्या जुन्या, चांगल्या चाललेल्या हीटच्या डिस्कमधून केली. दोन्ही रुमालात गुंडाळून खिशात ठेवल्या आणि रात्रीच्या गाडीने स्वतः गेलो.

लेझर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर ठिणग्या होत्या, पत्रा कापताना उडतात तशा. तिथे काहीच उडालं नाही. माणसाच्या उंचीचं एक उभं यंत्र, खाली लेझर, मध्ये छोटी भट्टी, वर डोळा. तो डोळा, म्हणजे इन्फ्रारेड डिटेक्टर, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनने गार ठेवतात. तिथल्या ताईंनी थर्मासमधून नायट्रोजन ओतला तेव्हा पांढरी वाफ यंत्रावरून खाली फरशीवर पसरली. माझ्या चकचकीत चकत्यांवर त्यांनी दोन्ही बाजूंनी ग्रॅफाइटचा काळा स्प्रे मारला. इतकी मेहनत करून चकाकी आणलेली आणि ती काळी केली! त्यांनी समजावलं की चकचकीत तोंडावरून लेझरचा प्रकाश परत फिरतो. काळं तोंड तो पिऊन घेतं, आणि मागचं काळं तोंड वरच्या डोळ्याला स्वतःचं तापमान नीट दाखवतं. भट्टीत आर्गॉन सोडला, म्हणजे तापल्यावर बिडाला गंज चढू नये. झाकण बंद झाल्याशिवाय लेझर सुटतच नाही, अशी त्यात सोय आहे.

मग "टक" असा आवाज आला. एवढंच.

पडद्यावर रेघ आली. आधी सपाट, मग चढाची, मग वर जाऊन स्थिरावलेली, आणि पुढे अगदी हळू उतरणारी. लेझरचा झोत मिलिसेकंदाहूनही कमी वेळ खालच्या तोंडावर पडतो. ती ऊब तीन मिलिमीटर बीड ओलांडून वर येते आणि वरचं तोंड जेमतेम एखाद-दुसऱ्या अंशाने तापतं. ते एकूण जितकं तापणार त्याच्या अर्ध्यावर यायला किती वेळ लागला, तेवढंच बघायचं. चकतीच्या जाडीचा वर्ग करायचा, ०.१३८८ ने गुणायचं, त्या अर्ध्या वेळाने भागायचं. डिफ्युझिव्हिटी हातात. तीन मिलिमीटर तांब्याला हा वेळ साधारण ११ मिलिसेकंद, तेवढ्याच स्टेनलेसला ३०० च्या वर. जाडीचा वर्ग होतो म्हणून जाडीतली एक टक्का चूक उत्तरात दोन टक्के होते. माझी पहिली चकती त्यांनी परत का पाठवली ते मला त्या खुर्चीत बसून कळलं, आणि मी तिथेच त्यांची माफी मागितली.

संपादक महोदय, ह्या पद्धतीतली मला सर्वांत सुंदर वाटलेली गोष्ट ही: लेझरने किती उष्णता टाकली हे मोजावंच लागत नाही. काळ्या थराने किती शोषली, किती परतवली, काही माहीत नसलं तरी चालतं. चकतीची जाडी आणि घड्याळ, बस्स. सर्लच्या दांड्यावर आम्ही घालवलेला तो तासभर उष्णतेचा हिशोब जुळवण्यातच जायचा. इथे तो हिशोबच नको.

ही युक्ती १९६१ सालची आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या अमेरिकी नौदलाच्या किरणोत्सर्ग संरक्षण प्रयोगशाळेत पार्कर, जेन्किन्स, बटलर आणि अ‍ॅबट ह्या चौघांनी ती काढली. माणसाने पहिला लेझर पेटवला तो १९६० च्या मे महिन्यात, मेमनने, माणकाच्या कांडीतून. ह्या चौघांनी लेझर वापरलाच नव्हता, त्यांनी झेनॉनच्या दिव्याचा फ्लॅश वापरला. चकतीच्या मागे थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तारांची जोडी, लावलं आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर उमटलेल्या रेघेचा कॅमेऱ्याने फोटो काढला. आणि प्रकाश शोषायला चकतीवर त्यांनी काय लावलं असेल? कापराची काजळी. हे वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली. उलट्या ताटलीखाली ज्योत ठेवून ती काजळ धरायची. पुढे फ्लॅशच्या जागी लेझर आला, कारण त्याचा झोत नेमका, तीव्र आणि क्षणिक असतो, आणि भट्टीतल्या लाल झालेल्या नमुन्यावरही तो दुरून टाकता येतो.

ताईंनी एका शॉटवर विश्वास ठेवला नाही. प्रत्येक तापमानाला पाच शॉट. आधी खोलीच्या तापमानाला, मग १००, २००, असं ५०० अंशांपर्यंत. भट्टी स्थिर व्हायला वेळ लागतो, त्यामुळे अख्खा दिवस गेला. संध्याकाळी कागद हातात आला. जुन्या चांगल्या डिस्कचा अर्धा वेळ ८३ मिलिसेकंद, म्हणजे डिफ्युझिव्हिटी १५. परत आलेल्या डिस्कचा ९६ मिलिसेकंद, म्हणजे १३. पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळात तेरा मिलिसेकंदांचा फरक, आणि तो माझ्या ब्रिनेलला, माझ्या स्पेक्ट्रोला, मला कधीच दिसला नव्हता. गरम होत जाताना दोन्हींचे आकडे उतरत गेले, अंतरही कमी झालं, पण मिटलं नाही.

परत येताना गाडीत झोप लागली नाही. सकाळी थेट मेल्टिंगचं रजिस्टर उघडलं. त्या आठवड्यात चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत घालायच्या मालात, स्टील स्क्रॅप जास्त पडलं होतं. कार्बन चढत नव्हता, म्हणून फेरोसिलिकॉन वाढवून सीई भरून काढला होता. सीई म्हणजे कार्बन अधिक सिलिकॉनचा एक तृतीयांश. चांगल्या हीटला कार्बन ३.५०, सिलिकॉन १.८०. वाईट हीटला कार्बन ३.३६, सिलिकॉन २.२२. गणित करून बघा, दोन्हींची बेरीज ४.१०. दोन्ही ड्रॉइंगच्या मर्यादेत. कागदावर जुळी भावंडं, आणि उष्णतेच्या बाबतीत परकी. बिडात उष्णता वाहून नेण्याचं मोठं काम ग्रॅफाइटच्या पाकळ्या करतात. त्या एकमेकींना भिडलेल्या असतात, पाणंदीला पाणंद मिळावी तशा. कार्बन कमी झाला की पाकळ्या कमी, आणि लोखंडात विरघळलेला सिलिकॉन उरलेल्या लोखंडाची वाट आणखी अडवतो. त्यात इनॉक्युलेशन, म्हणजे ग्रॅफाइट नीट पडावं म्हणून रसात मिसळायची पूड, घातल्यावर लॅडल, म्हणजे रस ओतायचं भांडं, बराच वेळ थांबून राहिला होता, त्यामुळे मायक्रोस्कोपखाली पाकळ्या बारीकही दिसल्या. बिडाचाच दुसरा प्रकार, एसजी आयर्न, ताकदीला ग्रे आयर्नच्या कितीतरी वर असूनही ब्रेक डिस्कला साधं बीडच का वापरतात, तेही मला तेव्हा खऱ्या अर्थाने समजलं. एसजीत ग्रॅफाइटचे सुटे गोळे असतात, एकमेकांना न भिडणारे, म्हणून त्याची वाहकता कमी.

सगळ्या भेगांचं खापर एका आकड्यावर फोडणं बरोबर नाही. पॅड कुठला होता, चालवणारा कसा होता, डिस्कच्या आतल्या हवेच्या वाटा मोकळ्या होत्या का, हे सगळं असतंच. पण त्यानंतर आम्ही सीई बघण्याआधी कार्बन बघायला लागलो, चार्ज बदलला की वर्षातून तीन-चार चकत्या पाठवायला लागलो, आणि मी निवृत्त होईपर्यंत त्या मालाचा एकही पॅलेट उष्णतेच्या भेगांसाठी परत आला नाही.

लेझरने तापवून बघण्याचं काम आमच्या चकतीपुरतं नाही. जर्मनीत कार्लस्रूहच्या प्रयोगशाळेत अणुभट्टीच्या इंधनाचं एक द्रव्य, प्लुटोनियम डायऑक्साइड, लेझरने वितळवून बघितलं. २०११ साली त्यांनी वितळबिंदू दिला ३०१७ केल्विन. त्याआधी वर्षानुवर्षं पुस्तकांत असलेला आकडा ह्याहून सुमारे ३०० अंशांनी खाली होता. कारण फाउंड्रीच्या माणसाला लगेच पटेल असं आहे: पूर्वी ते द्रव्य टंगस्टनच्या मुशीत तापवायचे आणि इतक्या उष्णतेत मूसच त्याच्याशी रासायनिक क्रिया करायची. आमच्या इंडक्शन भट्टीचं लायनिंग झिजून मेटलमध्ये मिसळतं, त्याचाच हा मोठा भाऊ. लेझरने नमुन्याचा एक छोटा ठिपकाच वितळतो, भोवतीचं घट्ट द्रव्य त्याची मूस बनतं, आणि पायरोमीटर दुरून तापमान वाचतो. भांडंच नाही, तर भांड्याची भेसळ कुठून येणार? युरेनियम-प्लुटोनियमचं मिश्र ऑक्साइड इंधन आपल्याकडे तारापूरला तयार होतं, कल्पाक्कमच्या जलद प्रजनक अणुभट्टीसाठी. तेव्हा असा आकडा बरोबर असणं आपल्याही सुरक्षिततेशी बांधलेलं आहे.

आता माझं मागणं. मोठ्या राष्ट्रीय संस्थांत, आयआयटींत ही यंत्रं आहेत. पण कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या लहान फाउंड्रीवाल्याला एका चकतीसाठी परमुलखात जावं लागतं, किंवा कुरियरने पाठवून पंधरा दिवस थांबावं लागतं. तोवर भट्टीतून कितीतरी हीट ओतून झालेल्या असतात. एकट्या कारखान्याला हे यंत्र परवडणारं नाही आणि रोज लागणारंही नाही. म्हणूनच ते सामायिक हवं. आपल्या जिल्ह्यातल्या उद्योजकांच्या संघटना आणि शासन यांनी मिळून एक लेझर फ्लॅश यंत्र इथे आणावं, एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा सामायिक चाचणी केंद्रात ठेवावं, आणि ठराविक फी घेऊन कुणालाही चकती तपासून द्यावी. आता विजेच्या गाड्या आल्या आहेत. बॅटरीखालच्या थंड करणाऱ्या प्लेटा, मोटरची अ‍ॅल्युमिनियमची खोकी, ह्या सगळ्यांचे ग्राहक कडकपणाच्या आधी उष्णतेचा आकडा मागणार. तो आकडा आपल्या हातात नसला तर ऑर्डर दुसरीकडे जाईल.

यंत्र आणून भागणार नाही, हेही मी अनुभवाने लिहितो. ते चालवायला चकती नीट करता येणारा माणूस लागतो. डिप्लोमाच्या मुलांना तोंडं समांतर कशी घ्यायची, पट्ट्याच्या कुठल्या भागातून कापायचं, काळा थर किती पातळ हवा, रेघ बघून शॉट बिघडला हे कसं ओळखायचं, हे हाताला धरून शिकवावं लागेल. ते कुठल्या व्हिडिओत बघून येत नाही. माझ्या काचेचा तो तुकडा आणि त्या दोन चकत्या मी अजून जपून ठेवल्या आहेत, काळा स्प्रे न पुसता. ज्या कुठल्या महाविद्यालयात यंत्र येईल, तिथे मी दर शनिवारी येऊन मुलांना चकत्या घासायला शिकवीन. मानधन नको. मायक्रोमीटर माझा स्वतःचा आहे.

आपला नम्र,
निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर,
शिरोली, कोल्हापूर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)